गस्तीच्या विमानात आधी विजेचा हिशेब

बडोद्यात बसून समुद्री गस्तीच्या विमानाचा प्रकल्प करतोयस, तर रडारच्या माहितीपत्रकांत रमू नकोस. आधी वीज मोज. किंग एअर ३५० या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाला २८ व्होल्टचे, ३०० अँपिअरचे दोन जनरेटर असतात, म्हणजे एकाकडून फार तर ८.४ किलोवॅट. एक गेला की रडार, कॅमेरा, कन्सोल (ऑपरेटरचं पडदे-बटणांचं टेबल) यांतलं काय आपोआप बंद होणार, ते कागदावर आधीच ठरलेलं हवं.

मग वजन. साध्या ३५० ची उड्डाणमर्यादा १५,००० पौंड, ईआर या लांब पल्ल्याच्या आवृत्तीची १६,५००. कन्सोल मागे सरकवलं की गुरुत्वमध्यही मागे जातो. नवशिके इथे हमखास फसतात आणि मग तोल साधायला विमानाच्या नाकात शिसं भरत बसतात.

रडारचा घुमट पोटाखाली, चारही दिशा दिसाव्यात म्हणून. जमिनीपासूनचं अंतर मोजताना टायर बसलेला आणि स्ट्रट (चाकाचा धक्का झेलणारा दांडा) पूर्ण दबलेला धर. दाबयुक्त केबिनला भोक पाडलं की भोवती डबलर, म्हणजे मजबुतीचा जास्तीचा पत्रा, लागतोच; तडे बहुधा रिव्हेटच्या कडेच्या ओळीतून निघतात.

एआयएस, म्हणजे जहाजं रेडिओवरून आपली ओळख आणि ठिकाण सांगतात ती यंत्रणा, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर ऐकतं. त्याचा अँटेना वैमानिकाच्या व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनापासून लांब ठेव, नाहीतर वैमानिक बोलायला लागला की पडद्यावर नवी जहाजं उमटत नाहीत.

१,००० फुटांवरून रडारचं क्षितिज साधारण ३९ सागरी मैल, १०,००० वरून १२३. पण लहान होडी शोधायची तर खालीच यावं लागतं, वरून लाटांचा गोंगाट वाढतो. आणि खाली आलं की मीठ आलंच: उतरल्यावर इंजिनाचा कंप्रेसर स्वच्छ पाण्याने धुवायचा, त्याच दिवशी.

हो, मे महिन्यात हरणीच्या, म्हणजे बडोदा विमानतळाच्या, उन्हात एसीशिवाय कन्सोल तपासायला जाऊ नकोस.