ग्रंथेतर साहित्याचं कॅटलॉगिंग करणाऱ्या ग्रंथपालांच्या संघटनेचं अध्यक्षपद घ्यावं का? काम काय असतं?

घ्या. पण मला तुमच्या प्रश्नापेक्षा त्याखालची ओळ जास्त झोंबली. तुम्ही गोव्यातल्या कॉलेजच्या लायब्ररीत आहात, कॅसेटी-नकाशे-फोटोंवर काम करणाऱ्यांचा छोटा गट तुम्हाला अध्यक्ष करायला बघतोय, आणि "एवढ्याशा विषयाला वेगळी संघटना कशाला?" असं तुमचे वरिष्ठ म्हणतात. हे वरिष्ठ सगळीकडे असतात. माझ्या वाट्यालाही एक आले होते.

मी अशाच एका गटाची अध्यक्ष होते. त्या सुमारास फोंड्याकडच्या एका घरातून आमच्या लायब्ररीत कॅसेटींचं खोकं आलं. घरातले आजोबा नाट्यसंगीताचे दर्दी. ते गेल्यावर मुलांनी सगळं आणून दिलं. माळ्यावर पावसाळे काढलेले, त्यामुळे टेपच्या कडांना पांढरी बुरशी, काहींच्या आतली फेल्टची गादी निखळून खुळखुळत होती. एका कव्हरवर नामांकित गायकाचं नाव छापलेलं, आत भलतीच कॅसेट, आणि तिच्यावर बॉलपेनने एवढंच: 'म्हार्दोळ, जायांची पूजा', म्हणजे तिथल्या देवळातला जाईच्या फुलांचा उत्सव. गायक नाही, साल नाही.

पुस्तकाचं बरं असतं, शीर्षकपान उघडलं की निम्मं काम झालं. इथे आधी टेप साफ करा, चांगल्या कवचात बसवा, मग ऐका, आणि शेवटपर्यंत ऐका. मी ऐकली. दुसरी बाजू संपता संपता कुणीतरी माइक खरखरवत गायिकेचं नाव घेतो, आभार मानतो आणि 'प्रसाद घेऊन जावा' म्हणतो. मिळालं नाव! शीर्षक चौकोनी कंसात आपलं आपण दिलं, संगणकावरच्या नोंदीत (मार्क) कलाकारांसाठीच्या ५११ क्रमांकाच्या रकान्यात गायिका, उत्सव आणि ठिकाण ५१८ मध्ये, नाव कुठून मिळालं ते टीपेत. अख्खी दुपार गेली. एका कॅसेटीला दुपार कशी लागते हे ज्याने केलंय त्यालाच कळतं, आणि म्हणूनच अशा लोकांची संघटना लागते.

वार्षिक सभेत मी ही नोंद नमुना म्हणून दाखवली. आमचे ज्येष्ठ उठले. "बाई, पदं नाटकातली ना? मग नाटककाराच्या नावावर घाला आणि मोकळ्या व्हा. गाणारे काय, येतात नि जातात." सभा हसली. मी एएसीआर-२ चा, म्हणजे कॅटलॉगिंगच्या अँग्लो-अमेरिकन नियमावलीचा, नियम २१.२३ वाचून दाखवला: रचना वेगवेगळ्या लोकांच्या, पण मुख्य कलाकार एकच, तर मुख्य नोंद, म्हणजे कॅटलॉगमध्ये ज्या नावाखाली वस्तू लागते ती, कलाकाराखाली. एकाच नाटकाचं सबंध ध्वनिमुद्रण असतं तर गोष्ट वेगळी. तर म्हणे, हे परदेशी नियम गोव्यात कशाला! मग म्हटलं, गायिका केसरबाई तर आपल्या केरीच्याच ना? १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून त्यांची भैरवी अंतराळात गेली, त्या तबकडीच्या यादीत नाव सुरश्री केसरबाई केरकर असंच आहे. गाणारे तिथवर गेले, तुमच्या रजिस्टरात का येत नाहीत?

यावर उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी दुसराच विषय काढला. ही वेगळी चूल मोडा, सगळ्या ग्रंथपालांच्या मोठ्या संघटनेत विलीन व्हा. ठराव बारगळला, पण त्यांनी मनात धरलं. पुढे वर्षभर आम्हाला कार्यक्रमाला हॉल मिळताना मारामार.

मोठ्या संघटनेत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वेतनश्रेणी, रिकामी पदं, १२ ऑगस्टला, जयंतीला, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या फोटोला हार. ते सगळं हवंच, मीही तिथली सभासद आहे. पण तिथे जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीचा मॅट्रिक्स नंबर (तबकडीवर कोरलेला मूळ मुद्रणाचा क्रमांक) कुठे लिहायचा, असं विचारा बघू. पणजीत सार्वजनिक ग्रंथालय १८३२ पासून आहे, देशातलं सर्वांत जुनं, त्यामुळे पुस्तकांची काळजी घेणारे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकांच्या, कॅसेटी, कोमुनिदादींचे, म्हणजे गावांच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचे, नकाशे, देवळातल्या उत्सवांची खासगी रेकॉर्डिंग, यांना वाली कोण? एएसीआर-२ मध्ये नकाशांना तिसरं, ध्वनिमुद्रणांना सहावं, चित्रपट-व्हिडिओंना सातवं अशी स्वतंत्र प्रकरणं लागली. अमेरिकेत १९८० मध्येच ओलॅक ही दृक्श्राव्य कॅटलॉगरांची वेगळी संघटना झाली. तिथे कुणी तिला वेगळी चूल म्हणून मोडायला निघालं नाही.

आता काम. सभांचं इतिवृत्त, बँकेतल्या सह्या बदलणं, हिशेब तपासून घेणं, नोंदणीचे कागद वेळेवर देणं. कंटाळवाणं आहे आणि अध्यक्षालाच करावं लागतं, सचिवावर टाकलंत तर राहूनच जातं. ओलॅकची एक पद्धत उचला: उपाध्यक्ष निवडतानाच तो पुढचा अध्यक्ष ठरलेला असतो, त्यामुळे वर्षभर शिकून घेतो. कार्यशाळेत स्लाइड दाखवू नका, चालू कॅसेट प्लेअर आणा.

संगणकामुळे मुख्य नोंदीचं भांडण जुनं झालं, कुठल्याही नावाने शोधा, सापडतं, असं तुम्हाला कोणी सांगेल. बरोबर आहे, नाव घातलेलं असेल तर. आमच्या ज्येष्ठांच्या नोंदीत गायिका कुठेच नव्हती.

हो, आणि अनुदानित कॉलेजात असाल तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधी घ्या, नंतर कटकट नको. घरी लहान मुलं किंवा आजारी माणसं असतील तर वर्षभर थांबलात तरी काही बिघडत नाही.

गट १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेला असेल तर कलम १२ वाचून ठेवा. दुसऱ्या सोसायटीत विलीन व्हायचं तर खास सभेत तीन-पंचमांश मतं लागतात, आणि महिन्याभराच्या अंतराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तीन-पंचमांश. तुमच्या वरिष्ठांना त्या पानाची झेरॉक्स द्या.