सायट्रस बेरी कधी खाल्ली जाते आणि कधी हातातच राहते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोकेमॉन गेममध्ये अझुमारिल या पोकेमॉनला सायट्रस बेरी (हातात धरायला द्यायचं फळ) दिली, बेली ड्रम (स्वतःचा निम्मा एचपी, म्हणजे जीव, खर्चून अटॅक कमाल करणारी चाल) वापरला, एचपी निम्म्यावर आला, तरी बेरी खाल्ली गेली नाही. गेममध्ये काही गडबड आहे का, आणि तिच्याऐवजी ओरान किंवा फिगी बेरी दिली तर चालेल का?

गेम बरोबर आहे. तुमच्या अझुमारिलचा एचपी बहुधा विषम असणार.

सायट्रसचा नियम असा आहे की एचपी कमाल आकड्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी झाला की पोकेमॉन ती आपणहून खातो आणि कमाल एचपीच्या पाव भागाइतका एचपी परत मिळतो. बेली ड्रम कमाल एचपीचा निम्मा भाग कापतो, पण अपूर्णांक सोडून देतो. लेव्हल 50 च्या अझुमारिलला एचपीमध्ये पूर्ण 252 ईव्ही (सरावाने मिळणारे गुण) दिले, आयव्ही (जन्मजात गुण) कमाल म्हणजे 31 असला, की कमाल एचपी 207 होतो. त्याचा निम्मा 103.5. बेली ड्रम कापतो 103, उरतात 104. निम्म्यापेक्षा फक्त अर्धा जास्त, पण जास्तच! म्हणून बेरी हातातच राहते आणि तुमचा अझुमारिल 104 एचपीवर समोरच्याच्या तावडीत सापडतो.

आता 252 ऐवजी 244 ईव्ही द्या. कमाल एचपी 206 होतो. बेली ड्रम 103 कापतो, बरोबर 103 उरतात, बेरी त्याच क्षणी खाल्ली जाते आणि 51 परत येऊन एचपी 154 होतो. अटॅक सहा पायऱ्या चढलेला, वर ह्यूज पॉवर ही अटॅक दुप्पट करणारी अ‍ॅबिलिटी (पोकेमॉनचा अंगभूत गुण), आणि अ‍ॅक्वा जेट ही वेग न बघता आधी लागणारी चाल. वाचलेले 8 ईव्ही डिफेन्स किंवा स्पेशल डिफेन्सला द्या, वाया जात नाहीत.

ही तपासणी कुठल्याही पोकेमॉनसाठी तोंडी करता येते. आयव्ही 31 धरला तर लेव्हल 50 ला कमाल एचपी म्हणजे मूळ एचपी (त्या जातीचा ठरलेला आकडा) अधिक 75, अधिक ईव्हीमुळे वाढलेले गुण. पहिल्या 4 ईव्हींना 1 गुण, पुढे दर 8 ला 1, पूर्ण 252 ला 32. अझुमारिलचा मूळ एचपी 100, म्हणून 100 + 75 + 32 = 207. इन्सिनरोरचा 95, म्हणून 202. थोडक्यात, मूळ एचपी सम असेल तर 252 दिल्यावर आकडा विषम येतो, आणि मूळ विषम असेल तर सम येतो. स्नॉरलॅक्सचा मूळ एचपी 160 आहे, त्यालाही हीच अडचण येते: 267.

बऱ्याच जणांची फसगत होते ती दुसऱ्याच्या टीमचे आकडे जसेच्या तसे उचलल्यामुळे. लेव्हल 100 ला त्याच अझुमारिलचा एचपी 252 ईव्हीवर 404 होतो, तो सम आहे, तिथे बेली ड्रम आणि सायट्रसची जोडी बिनबोभाट चालते. तेच 252 लेव्हल 50 च्या सामन्यात आणलं की बिघडतं. म्हणून आकडे घेताना ते कुठल्या लेव्हलचे आहेत हे आधी पाहा.

सब्स्टिट्यूट (कमाल एचपीचा पाव भाग देऊन आपल्याऐवजी फटके झेलणारा बाहुला उभा करणारी चाल) वापरणाऱ्याचं गणित मात्र उलटं आहे. तिथे 4 ने भागून 1 उरणारा एचपी जास्त फायद्याचा. 164 एचपीवर दुसऱ्या सब्स्टिट्यूटनंतर 82 उरतात, बेरी खाल्ली जाते आणि एकूण चार सब्स्टिट्यूट निघतात. 165 वर दुसऱ्यानंतर 83 उरतात, बेरी थांबते, तिसऱ्यानंतर 42 वर खाल्ली जाते आणि पाच निघतात. एका गुणाने एक सब्स्टिट्यूट वाढतो.

ओरानबद्दल. ती निम्म्यावरच खाल्ली जाते, पण ठरलेले 10 एचपी देते. कमाल एचपी 40 असताना दोघी सारख्या, त्याच्या वर सायट्रस सरस, खाली ओरान. लिटल कपसारख्या लेव्हल 5 च्या सामन्यात 24 एचपीच्या पोकेमॉनला सायट्रस 6 देईल आणि ओरान 10, म्हणून तिथे ओरानच घ्यावी. गोष्ट पुढे न्यायला सुरुवात केली असेल, पोकेमॉन अजून लहान असतील, तरीही ओरान पुरते. जुन्या माहितीत सायट्रस 30 एचपी देते असं लिहिलेलं दिसेल. ते चूक नाही, ते रुबी-सफायर या जुन्या गेमच्या पिढीचं आहे. डायमंड-पर्लपासून, म्हणजे 2006 पासून, ती पाव भाग देऊ लागली. त्याआधी गोल्ड-सिल्व्हरमध्ये 30 एचपी देणारी गोल्ड बेरी होती, सायट्रसचा मूळ अवतार म्हणता येईल असा.

फिगी, विकी, मागो, अगुआव, इयापापा या पाच बेऱ्या सध्याच्या गेममध्ये एक तृतीयांश एचपी देतात. ऐकायला सायट्रसपेक्षा भारी वाटतं, पण त्या एचपी पावावर किंवा त्याखाली आल्यावरच खाल्ल्या जातात. समजा कमाल एचपी 200 आहे आणि समोरचा दर फटक्याला 110 काढतोय. पहिल्या फटक्यानंतर 90 उरले. सायट्रस इथेच खाल्ली जाते, 140 होतात, दुसरा फटका बसूनही 30 उरतात. फिगीवाला 90 वर थांबतो, पावाच्या खाली गेलेला नाही, आणि दुसऱ्या फटक्यात बेरी न खाताच आडवा होतो. फटके लहान असतील तर फिगी जिंकते, मोठे असतील तर सायट्रस. माझं मत विचाराल तर समोर कोण येणार हे ठाऊक नसताना सायट्रस घ्यावी.

या पाचांपैकी एखादी घेतलीच तर नेचर (पोकेमॉनचा स्वभाव, जो बहुधा एक स्टॅट वाढवतो आणि एक घटवतो) बघा. नेचरने जी स्टॅट घटते तिची चव त्या पोकेमॉनला आवडत नाही, आणि नावडती चव खाल्ली की तो कन्फ्यूज होतो. अटॅक घटत असेल तर फिगी टाळा, स्पेशल अटॅकला विकी, स्पीडला मागो, स्पेशल डिफेन्सला अगुआव, डिफेन्सला इयापापा. म्हणजे अ‍ॅडमंट किंवा जॉली (दोन्ही स्पेशल अटॅक घटवणारे नेचर) पोकेमॉनला विकी देऊ नये, बाकी चारही चालतात. ग्लटनी अ‍ॅबिलिटी असलेला स्नॉरलॅक्स या बेऱ्या निम्म्यावरच खातो, त्याला मात्र सायट्रसपेक्षा याच द्याव्यात.

अधिकृत डबल्समध्ये, म्हणजे दोन-दोन पोकेमॉनच्या सामन्यात, एकाच टीममध्ये एक वस्तू दोघांना देता येत नाही, त्यामुळे सायट्रस एकालाच मिळणार. ती अशा पोकेमॉनला द्या जो एका फटक्यात पडत नाही आणि ज्याचं काम मैदानात टिकून राहणं हेच आहे. इन्सिनरोर तसा आहे. 2014 च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने जिंकलेल्या टीममध्ये पाचिरिसूच्या हातात सायट्रसच होती. फॉलो मी वापरून तो साथीदारावरचे फटके स्वतःवर घेत होता. लेफ्टओव्हर्स ही वस्तू दर टर्नला कमाल एचपीचा सोळावा भाग देते, म्हणजे सायट्रसएवढं मिळायला चार टर्न लागतात. डबल्सचा सामना तेवढा लांबेलच असं नाही. नाजूक, वेगवान पोकेमॉनला सायट्रस देऊ नका. तो पूर्ण एचपीवरून थेट शून्यावर जातो, त्याला फोकस सॅश (पूर्ण एचपी असताना एका फटक्यात पडू न देणारी वस्तू) बरी.

आकडे बरोबर असूनही बेरी खाल्ली गेली नाही, तर समोरच्याची अ‍ॅबिलिटी पाहा. अननर्व्ह ही अ‍ॅबिलिटी असेल तर तो मैदानात असेपर्यंत तुमच्याकडचं कुणीच बेरी खात नाही. तो बाहेर गेला की लगेच खाल्ली जाते. नॉक ऑफ या हातातली वस्तू उडवणाऱ्या चालीचा फटका निम्म्याच्या खाली नेणारा असला तरी बेरी आधी उडते, खायला वेळ मिळत नाही. बग बाइट आणि प्लक या चाली तर तुमची बेरी समोरच्याच्या पोटात घालतात. उलट चीक पाउच ही अ‍ॅबिलिटी असलेल्या डेडेने किंवा ग्रीडंटला बेरीच्या पावाशिवाय आणखी एक तृतीयांश मिळतो, आणि रायपन अ‍ॅबिलिटीवाल्या अ‍ॅपलटनला पावाच्या जागी निम्मा.

जपानीत हिचं नाव ओबोन. ते झाबोन या फळाच्या नावावरून आलं असं मानतात, आणि झाबोन म्हणजे आपलं पपनस.

बेरी मिळवायची तर सोर्ड-शील्डमध्ये झाडं हलवा, पण फार हाव नको: स्क्वोव्हेट किंवा ग्रीडंट खाली पडला की गोळा केलेल्यातलं काही घेऊन जातो. जुन्या रुबी-सफायर-एमराल्डमध्ये ती मऊ मातीत लावावी लागते आणि पिकायला 24 तास लागतात. प्रत्येक टप्प्यावर पाणी घातलं तर फळं जास्त येतात. लावलेली बेरी दिवसेंदिवस वाढतच नसेल, तर बहुधा कार्ट्रिजची आतली बॅटरी संपली आहे. सेव्ह शाबूत राहतो, फक्त घड्याळ थांबतं. आत सीआर 1616 ची बॅटरी असते, पण ती टॅबसकट डाग देऊन बसवलेली असते, म्हणून टॅबवालीच विकत घ्या आणि सोल्डरिंग येत असलेल्या माणसाकडून बदलून घ्या.