चौथीतला मुलगा तोंडी सगळं सांगतो, वाचत मात्र नाही: तपासणी होईपर्यंत काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की विज्ञानाचा तोंडी प्रश्न आला की पहिला हात याचाच वर. पुस्तक समोर आलं की मात्र पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देतो. शाळा सरकारी, वर्ग भरलेला, विशेष शिक्षक नाहीत, वाचनाच्या अक्षमतेच्या (डिस्लेक्सियाच्या) तपासणीची तारीख लांब. तोवर काय करू आणि त्याला याच वर्गात आणखी एक वर्ष ठेवू का, हे तुमचे दोन प्रश्न.

तपासणीसाठी नाव दिलंय ते बरंच केलंत, पण तिच्यासाठी शिकवणं अडवू नका. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीत अटच अशी आहे की त्या नेमक्या अडचणीवर मदत देऊनही ती किमान ६ महिने टिकलेली असावी. थोडक्यात, तपासणारे तुम्हालाच विचारतील की काय शिकवलंत आणि किती फरक पडला. आजपासून एक वही ठेवा: तारीख, काय घेतलं, कुठे अडला, बस. डोळे आणि कान मात्र या आठवड्यातच तपासून घ्यायला सांगा. फळा न दिसणारं मूलसुद्धा अंदाजानेच वाचतं.

असा मुलगा नवा नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल लिहिलं. तो स्वतःचं नाव ‘पर्सी’ऐवजी ‘प्रेसी’ लिहायचा आणि दाखवून दिल्याशिवाय ते त्याला कळायचंही नाही. त्याच्या मास्तरांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. मॉर्गनना वाटलं दोष अक्षरांच्या दृश्य स्मृतीत आहे. आता आपल्याला माहीत आहे की बहुतेक मुलांची मुख्य अडचण शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षराशी जोडण्यात असते. म्हणून तोच उतारा दहादा लिहून आणायला लावण्याने हात दुखतो, वाचन येत नाही.

माझा अनुभव असा की या मुलांचं ‘वाचायला शिकणं’ आणि ‘विषय शिकणं’ ही दोन कामं वेगळी काढली की निम्मा गुंता सुटतो. वाचन तो जिथे आहे तिथून शिकवायचं, लागलं तर पहिलीच्या पायरीपासून. विषय मात्र चौथीचाच.

वाचनाला रोज पंधरा मिनिटं द्या. तीन-चार जणांचा गट करा, असा एकटा तोच नसणार. आधी पाटीपुस्तकाशिवाय, नुसतं कानाने: ‘पतंग’मधला ‘प’ काढला तर काय राहिलं? ‘मी’मधल्या ‘म’च्या जागी ‘त’ घातला तर? मग अक्षरांच्या चिठ्ठ्या घेऊन शब्दसाखळी. काम, कान, मान, मीन, मीठ, पीठ, पाठ. दर वेळी एकच चिठ्ठी बदलायची, बदललेला आवाज त्याने मोठ्याने म्हणायचा आणि शब्द लिहायचा. इथे पहिल्या अक्षरावरून ठोकून देणं चालत नाही, कारण ‘मान’ आणि ‘मीन’ यांत फरक फक्त काना-वेलांटीचा. ‘मीन’ म्हणजे काय ते आधी सांगून टाका, नाहीतर तो अर्थातच अडकेल.

आपल्या लिपीतल्या दोन जागा मुद्दाम, सावकाश घ्या. ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्याला आधी दिसते पण आवाजात नंतर येते. रफाराचं उलटं: ‘सूर्य’ म्हणताना र् आधी, कागदावर तो ‘य’च्या डोक्यावर. चांगलं वाचणाऱ्याला हे जाणवतही नाही, या मुलांचा घोळ नेमका इथे होतो. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, एका वेळी एकच जात. घ-ध, भ-म या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. पहिली पक्की होऊ द्या.

उरलेल्या दिवसभर त्याला कानाने शिकू द्या. धडा शेजारच्याने वाचून दाखवावा, नाहीतर तुमच्या फोनवर रेकॉर्ड करून घरी पाठवा. २०१३ च्या माराकेश करारात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करायची सोय आहे. ती फक्त अंधांपुरती नाही, वाचनाची अक्षमता असणारेही तिच्यात येतात, हे शाळांना क्वचितच माहीत असतं. फळ्यावरचं उतरवून घेणं बंद, तयार कागद द्या. अचानक उभं करून वाचायला लावू नका. वाचायला लावायचंच असेल तर चार ओळी आदल्या दिवशी सांगून ठेवा. विज्ञानाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. आणि परीक्षेत नुसता जादा वेळ देऊन भागत नाही: प्रश्नच वाचता येत नसेल तर अर्धा तास जास्त बसून तो काय करणार? प्रश्न वाचून दाखवणारं माणूस हवं.

रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम हे पालकांच्या कानावर येणारच. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं की यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. तो पैसा वाचवायला सांगा. त्यांना हेही विचारा की घरात आणखी कुणाला शाळेत असाच त्रास होता का. हे बऱ्याचदा घराण्यात असतं, आणि बाप अचानक स्वतःबद्दल बोलायला लागला तर तुमचं पुढचं काम सोपं होतं.

मागे ठेवायचं का? माझं उत्तर नाही. ज्या पद्धतीने एक वर्ष जमलं नाही, तीच पुन्हा एक वर्ष मिळेल आणि सोबती पुढे निघून जातील. पाचवीत जाऊ द्या, वही नव्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या आणि ती पंधरा मिनिटं वेळापत्रकात लिहून घ्या. मुख्याध्यापकांची सही घेऊन, नाहीतर जूनमध्ये ती पहिली गायब होतात.