गांजाच्या केसमधे बेळगावच्या हिंडलगा जेलऐवजी उपचार मिळू शकतो का?
खानापूरच्या ताईंनी विचारलंय, भाऊ थोड्या गांजासकट सापडला, आता जेल पक्कंच का. नाही ओ ताई. गांजा १ किलोच्या आत असेल आणि त्याला खरंच व्यसन असेल तर एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्याच्या कलम ३९ खाली, दोषी ठरवल्यावरही कोर्ट त्याच्या संमतीनं बाँड (हमीपत्र) घेऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीला सोडू शकतं, मग वर्षाच्या आत उपचाराचा रिपोर्ट द्यावा लागतो. आणि स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कलम ६४अ आहे, खटल्यातनं सूट मिळू शकते. १९५८ चा प्रोबेशन कायदा (जेलऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा) मात्र किरकोळ चोरी-मारामारीला चालतो, गांजा बाळगल्याच्या केसमधे १८ वर्षांवरच्याला सहसा नाही, त्यावर वेळ घालवू नका. भाऊ कस्टडीत असेल तर वकील फुकट मिळतो, आजच मोफत कायदा मदतीच्या हेल्पलाइनला, १५१०० ला फोन लावा.