सासूबाईंचे गुडघे, लेकाचा बर्फ आणि इन्सब्रुक

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जायचा विचार आहे. मुलगा सातवीत आहे, त्याला बर्फ बघायचाच आहे. सासूबाई बरोबर येणार, त्यांचे गुडघे दुखतात. ऑफिसात सगळे म्हणतात, ख्रिसमसलाच जा. शाळेला मोठी सुट्टी मात्र मेमध्ये, नाहीतर दिवाळीत. कधी जावं?

उत्तर : ताई, ऑफिसवाल्यांचं ऐकू नका. ख्रिसमसचा बाजार देखणा असतो, जुन्या गावात सोनेरी छपराची एक इमारत आहे, तिच्या खालच्या चौकात दिवे लागले की पाय निघत नाही, हे खरं. पण डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, रात्री पारा शून्याखाली जातो आणि जुन्या गावातल्या दगडी फरशीवर बर्फाचा थर धरला, तर दुखऱ्या गुडघ्यांनी चालायचं कसं? शिवाय गाव जेमतेम 574 मीटरवर. तिथे रस्त्यात बर्फ मिळेलच, याची खात्री डिसेंबरातही नाही.

बर्फ असतो वर. म्हणून मेचा शेवटचा आठवडा ते जूनचे पहिले आठ-दहा दिवस धरा. शाळा उघडायच्या आत परत याल. गावाच्या मध्यातून डोंगरावरच्या हुंगरबुर्गला जाणारी रेल्वे सुटते. तिची 2007 मधली स्टेशनं वास्तुविशारद झाहा हदीद यांनी केलीत, वितळत्या बर्फासारखी दिसतात. पुढे केबल कारने सीग्रुबे, 1,905 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. सासूबाईंना तिथल्या गच्चीवर उन्हात कॉफी घेऊन बसवा. तुम्ही दुसऱ्या केबल कारने हाफेलेकारला जा, 2,256 मीटर. मी जूनच्या सुरुवातीला गेले होते. खाली लोक नदीकाठी आइस्क्रीम खात होते आणि वर स्टेशनाबाहेर गुडघाभर, थोडा मळका बर्फ. पिवळ्या चोचीचे काळे पक्षी कठड्यावर बसून आमच्या चकल्यांकडे बघत होते. लेकाचं काम तिथेच होईल.

एक सांगून ठेवते. दक्षिणेकडून फॉन नावाचा कोरडा, उबदार वारा सुटतो, तो जोरात असला की केबल कार बंद. त्यामुळे पहिली स्वच्छ सकाळ मिळेल ती हाफेलेकारला द्या, राजवाडा-चर्च मग बघा. दुपारनंतर ढग जमतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर गडगडाटी सरी नेहमीच्याच. पाऊस बघायला ठाणं सोडून कशाला जायचं?

दिवाळी ऑक्टोबरात असेल तर पिवळी पानं मिळतील, थंडीही झेपेल. नोव्हेंबरात असेल तर नाव काढू नका. पानं गळून गेलेली, बर्फ अजून यायचा आणि बऱ्याच केबल कार दुरुस्तीसाठी बंद. एप्रिलच्या सुमारासही तेच, त्यामुळे तारखा आधी बघून घ्या.

मला स्वतःला विचाराल तर सप्टेंबर. हवा स्वच्छ, गर्दी कमी आणि वरच्या कुरणांवरच्या गाई फुलं-घंटा घालून गावात उतरतात, थेट आपला पोळाच. पण शाळा बुडवायला तुम्ही तयार झालात तरी गौरी-गणपती सोडून सासूबाई विमानात बसतील, असं वाटत नाही.

शेंगेनचा, म्हणजे ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंटला झुंबड उडते, तेव्हा जानेवारीतच हालचाल करा. विमानाचं तिकीट जर्मनीतल्या म्युनिकपर्यंतचं काढलंत तरी चालेल, पुढे ट्रेन दोन तासांच्या आत पोचवते. आणि रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.