सासऱ्यांचे पैसे आधी देऊ नकोस

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद. परवा मोंढ्यातल्या टपरीवर तू तासभर बसलास. तीन चहा झाले, पावसाच्या गप्पा झाल्या, आणि गाडीला किक मारता मारता खरं ते विचारलंस. "काका, नादारीचा अर्ज घेऊन कोर्टात जायच्या आधी सासऱ्यांचे चार लाख देऊन टाकू का? अन् प्लॉट आईच्या नावावर करून ठेवू का?" मी काहीच बोललो नाही. काकांना राग आला, असं तुला वाटलं असेल. राग आलाच होता, पण तुझा नाही. हे दोन्ही उद्योग मी करून बसलोय, तेही कुणाला न विचारता. तू निदान विचारलंस. म्हणून रात्री लिहायला बसलो.

उत्तर आधी सांगतो. दोन्हीला नाही.

ज्या दिवशी तुला आतून कळलं की आता सगळ्यांची फेड आपल्याच्यानं होत नाही, त्या दिवसापासून गल्ल्यातला पैसा तुझा राहिला नाही. ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांचा तो झाला, ज्याच्या त्याच्या हिश्श्यानं. तू त्याचा राखणदार. राखणदारानं खळ्यावरचं धान्य आधी आपल्या पाहुण्याच्या घरी पोचवायचं नसतं.

तुला कधी कळलं ते तूच सांगितलंस. श्रावणात. उधारीवर पाइप नेलेल्या शेतकऱ्यांनी सोयाबीनचा भाव पडल्यावर हात जोडले, त्या आठवड्यात तू वहीत बेरीज मारलीस आणि वही मिटून ठेवलीस. मग श्रावणापासूनचा प्रत्येक रुपया सगळ्यांचा. ही तारीख कुठंतरी लिहून ठेव. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

माझं तुला अर्धवट माहीत आहे, आज पूर्ण सांगतो. सेलूला माझं कृषी सेवा केंद्र होतं. बियाणं, खत, औषध, सगळं उधारीवर, वसुली सुगीला. २०१४ ला पाऊस गेला, २०१५ ला पुन्हा गेला. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा तू शाळेत असशील. माझी उधारी शेतात वाळून गेली. मला २०१४ च्या दिवाळीलाच कळलं होतं. अर्ज केला २०१६ च्या जूनमध्ये. मधल्या दीड-पावणेदोन वर्षांत मी जे केलं, ते दुष्काळानं माझ्याकडून करवून घेतलेलं नाही. ते माझं आहे.

जुन्याचं व्याज भरायला पतसंस्थेतून नवं कर्ज काढलं. जामीन राहिला माझा वर्गमित्र, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मी त्याला म्हणालो, "नुसती सही आहे रे." हे म्हणताना मला माहीत होतं की ही नुसती सही नाही. पुढं मी नादार ठरलो आणि त्याच्या पगारातून कपात सुरू झाली. कर्जदार सुटला तरी जामीनदार सुटत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यानं मला आजवर एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अर्जाच्या महिनाभर आधी मेव्हण्याचे अडीच लाख देऊन टाकले. घरचा माणूस, बहिणीचा संसार, असा माझा विचार. घराशेजारची मोकळी जागा धाकट्या भावाला बक्षीसपत्रानं दिली. काय झालं? कोर्टानं माझी मालमत्ता ताब्यात घ्यायला नेमलेल्या रिसीव्हरनं दोन्ही व्यवहार उकरून काढले. मेव्हण्याला कोर्टाची नोटीस गेली, पैसे परत भरावे लागले, आणि ते त्यानं तोवर ट्रॅक्टरला लावले होते. ज्याला वाचवायला गेलो त्यालाच कोर्टात उभं केलं. बहीण त्यानंतर राखीला दोन वर्षं आली नाही.

आता कायदा ऐक. वकील तुला सांगेलच, पण तू त्याच्यासमोर मान हलवत बसशील, म्हणून आधी माझ्याकडून. २०१६ ची दिवाळखोरी संहिता तू मोबाईलवर वाचलीस, ती साध्या माणसाच्या कर्जाला अजून लागू केलेली नाही. १ डिसेंबर २०१९ पासून ती व्यक्तींमध्ये फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लावली. तुझ्या-माझ्यासाठी अजून १९२० चाच नादारीचा कायदा. इतका जुना, की अर्जाला किमान देणं किती असावं तर ५०० रुपये.

त्यात दोन मुदती आहेत. एक तीन महिन्यांची: एखाद्या घेणेकऱ्याला झुकतं माप द्यायचं म्हणून पैसे दिले आणि त्यानंतर तीन महिन्यांत अर्ज पडला, तर ते देणं रद्द. दुसरी दोन वर्षांची: मोबदला न घेता जागा, दागिना कुणाच्या नावावर केला आणि दोन वर्षांत अर्ज पडला, तर तेही रद्द होऊ शकतं. आणि घेणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूनं मालमत्ता दडवली हे सिद्ध झालं, तर वर्षापर्यंत कैद.

आता तू बोटं मोजायला लागला असशील. तीन महिने थांबून मग अर्ज करू, सासरेही सुटतील. थांब! ह्याच हिशोबानं माणूस बुडतो. त्या तीन महिन्यांत सावकाराचं व्याज चढेल, तू ते भरायला आणखी एक कर्जाचं ॲप उघडशील, आणि शेवटी उरलेल्या देण्यातून सुटकेचा हुकूम मागायला उभा राहशील तेव्हा कोर्ट नेमकं हेच विचारेल. फेड होणार नाही हे माहीत असून धंदा चालू ठेवलास का? परतीची आशा नसताना नवं कर्ज घेतलंस का? राहणीत उधळपट्टी केलीस का? हिशोबाच्या वह्या ठेवल्यास का? यातल्या कुठल्याही कारणानं पूर्ण सुटका अडू शकते. म्हणून म्हणतो, कळलं त्या दिवसापासून पैसा सगळ्यांचा. मुदती त्यानंतरच्या गोष्टी आहेत.

तुझ्या मित्रानं तुला सांगितलं म्हणे, की क्रेडिट कार्डाची उरलेली मर्यादा संपवून टाक, फ्रिज घे, नाहीतरी बुडायचंच आहे. त्या मित्राला घरी येऊ देऊ नकोस. फसवून घेतलेलं कर्ज नादारीतही माफ होत नाही, ही एक गोष्ट. दुसरी माझी: तो फ्रिज तुझ्या घरात दहा वर्षं उभा राहील आणि दार उघडताना रोज तुला तो महिना आठवेल. कार्ड आजच कापून टाक.

आणि डोहाळजेवण. सूनबाईला सातवा लागला, कार्यालय ठरवायचंय, तीनशे माणूस होईल असं तू म्हणालास. अरे, कुणाच्या पैशानं? ज्या एजन्सीनं तुला विश्वासानं पाइप दिले तिच्या? शेकड्यानं पाच टक्के घेणाऱ्याचं मला सोयरसुतक नाही, पण भिशीतल्या त्या चार बायकांचं आहे. घरच्या घरी ओटी भर. तुझी काकू पुरणपोळ्या करून आणेल, ती परवापासून तेच म्हणतेय.

पण बाळंतपणाला पैसे बाजूला काढ. इथं लाजू नकोस. दवाखाना, औषध, दोन वेळची भाकरी, दुकानाचं वीजबिल, लेकरांची फी, हे खर्च करायचेच. सगळ्यांचा पैसा म्हणजे उपाशी राहायचं असा अर्थ नाही. फक्त पावती ठेव, प्रत्येकाची. आई गेली त्या वर्षी तिला तेव्हाच्या औरंगाबादला अकरा वेळा नेलं. समोरच्या वकिलानं भर कोर्टात विचारलं, एवढे पैसे दवाखान्यात गेले कशावरून? मी सुतळीनं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा पुढं ठेवला. त्यानं पुढचा प्रश्न विचारला नाही. लोक आजही म्हणतात की याला आईसाठी पैसे होते आणि आमच्यासाठी नव्हते. होते. आणि ते आईवर खर्च केले. ती चूक होती असं मी कुणापुढंही म्हणणार नाही. मेव्हण्याला दिले ती चूक होती, मास्तरची सही घेतली ते पाप होतं, पण आईची औषधं मी वहीच्या वरच्या ओळीत लिहिली आहेत.

हात वर केले, असंही म्हणतात. मोंढ्यात अजून कुणी कुणी माझा नमस्कार घेत नाही. अरे, हात वर करणारा रातोरात पुण्याला निघून जातो, नंबर बदलतो. मी कोर्टात यादी दिली. कुणाचे किती, कधीचे, माझ्याकडं काय उरलंय, बायकोच्या पाटल्यांसकट. जे होतं ते सगळ्यांत वाटलं गेलं. रुपयामागं पन्नास पैसेही देता आले नाहीत तर पूर्ण सुटका मिळायला अडचण येते, पण ते आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झालं हे पटवून देता येतं. मी तालुक्यातून पैसेवारीचे, म्हणजे पीक किती आलं त्याच्या सरकारी आकड्याचे, कागद काढून आणले होते. पन्नासच्या आतली पैसेवारी, दोन्ही वर्षांची. तूही तुझ्या भागातल्या गावांची काढ. उधारी का बुडाली, ते त्या कागदावर सरकारी शिक्क्यासह असतं.

सुटकेचा हुकूम मिळाला तरी मास्तरला मी दर महिन्याच्या पाच तारखेला तीन हजार देतो. कायद्यानं मला कुणी विचारत नाही. तो नको म्हणतो, मी खात्यावर टाकतो. हे तुला शहाणपण म्हणून सांगत नाही, तू असंच कर असंही नाही. माझा हट्ट आहे.

सासऱ्यांकडं परत येतो, कारण तुझा जीव तिथंच अडकलाय. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून दिले, लेकीकडं बघून दिले, चिठ्ठीही केली नाही. त्यांना टाळू नकोस. तू स्वतः त्यांच्या घरी जा आणि सांग की तुमचं नाव यादीत इतरांच्या बरोबरीनं लिहितोय, बँकेतून आलेल्या रकमेचा पुरावा जोडतोय, जे मिळेल ते तुम्हालाही हिश्श्यानं मिळेल. ते चिडतील. चिडू देत. आज चार लाख चोरून दिलेस आणि उद्या त्यांच्या दारात नोटीस गेली, तर त्या वयात त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागेल. माझ्या मेव्हण्याचं वय तरी चाळीस होतं.

सावकाराचं वेगळं. त्याच्याकडं परवाना आहे का, पावती देतो का, बघ. २०१४ च्या सावकारी कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या आजा-पणजांची दामदुप्पटच ती. तू त्याला व्याजात किती दिलंस याची बेरीज कर, मला वाटतं मुद्दल केव्हाच मागं पडलंय. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडं करायची असते, मी बरोबर येईन. बँकेचे आणि ॲपचे वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून रात्री फोन आला तर वेळ लिहून ठेव आणि बंद कर. जप्तीची भीती सूनबाईला घालू नकोस. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, यांना कुणी हात लावू शकत नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी बँकेत एकदा जा. एकरकमी तडजोड होते का विचार, लोकअदालतीची तारीख विचार. तिथं मिटलं तर कोर्टाचा अर्ज लागणारही नाही. मात्र तडजोडीसाठी नवं कर्ज काढायचं नाही. कळलं ना? श्रावणापासून.

रात्री झोप लागत नाही म्हणालास, आणि मग गप्प झालास. ते गप्प होणं मला ओळखीचं आहे. मी तेव्हा विहिरीच्या काठावर जाऊन बसायचो. तसं काही मनात आलं तर दोन वाजता फोन कर, तीनला कर. माझा फोन उशाशीच असतो.

रविवारी सकाळी ये. पासबुकं, बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचा उतारा, एजन्सीची बिलं, ॲपवाल्यांचे मेसेज, भिशीची वही, सगळं एका पिशवीत घालून आण. चिठ्ठी नसलेली देणीही आठवून कागदावर लिही, पानवाल्याचे साडेतीनशे असले तरी. सूनबाईला बरोबर आण. तिला यातलं निम्मंही माहीत नाही असं मला तुझ्या बोलण्यावरून वाटलं, आणि यादी तिच्यासमोर करायची आहे. श्रावणातली ती मिटलेली वही विसरू नकोस.

तुझा,
काका