गवतातली नानेटी आणि डूख धरल्याची भीती

प्रश्न : घरामागे गवत खूप वाढलंय आणि पाऊस सुरू झाल्यापासून तिथे एक बारीक भुरकट साप दिसतो, पाठीवर दोन पिवळसर पट्टे आहेत. मागच्या आठवड्यात शेजारच्यांनी अगदी असाच एक मारला, आता ते म्हणतात हा त्याचा जोडीदार आहे, डूख धरून बसलाय. मुलं तिथेच खेळतात. विषारी असेल का?

उत्तर : ताई, तुमच्या वर्णनावरून ही नानेटी वाटतेय, म्हणजे पूर्ण बिनविषारी. आणि मारली गेली तीही बहुतेक नानेटीच असणार, याचं खरंच वाईट वाटलं.

आधी ते डुखाचं बघू. साप जोडीने संसार करत नाहीत, मिलनाचा काळ संपला की ज्याचा तो वेगळा, त्यामुळे कोणी कोणाचा बदला घ्यायला येत नाही. तुमच्याकडे दुसरी दिसली कारण गवत आहे, ओल आहे आणि बेडूक आहेत, नानेटीला एवढंच लागतं. बेडूक हे तिचं मुख्य खाणं, शिवाय छोटे मासे, कधी पाल वगैरे. दिवसा फिरते म्हणून आपल्याला जास्त दिसते, आणि दिसते म्हणून जास्त मारली जाते.

ओळखायला पट्ट्यांची दिशा बघा, पण लांबूनच. नानेटीचे दोन पट्टे डोक्याकडून शेपटीकडे उभे जातात, मानेजवळ पुसट असतात आणि मागे मागे ठळक होत जातात, मध्ये काळसर आडव्या खुणा आणि पट्ट्यावर पांढरे ठिपके. मण्यारीचे पांढरे पट्टे आडवे असतात, अंग गुळगुळीत चकचकीत असतं आणि ती रात्री फिरते. फुरसं नानेटीसारखंच लहान आणि खरखरीत असतं त्यामुळे तिथे घोटाळा होतो, पण त्याचं डोकं त्रिकोणी, त्यावर बाणासारखी खूण, आणि डिवचलं की वेटोळं करून अंगावर अंग घासत करवतीसारखा आवाज काढतं. नानेटी तसं काही करत नाही, ती सरळ पळते. लांबी साधारण ४० ते ५० सेंटीमीटर, क्वचित ८० पर्यंत.

तरीही मुलांना सांगून ठेवा की कुठलाच साप हातात घ्यायचा नाही, आणि न ओळखलेला साप चावला तर नानेटीच असेल असं धरून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : आमच्या बांधावर पट्ट्यांचा एक छोटा साप अडकला होता, त्याने मान चपटी केली आणि अंगावर निळा रंग चमकला. नागाचं पिल्लू होतं का?

उत्तर : पट्टे उभे होते ना? मग नाग नाही, घाबरलेली नानेटी. घाबरली की ती मान आणि अंग फुगवते, त्यामुळे खवले एकमेकांपासून लांब होतात आणि मधली कातडी दिसायला लागते, काहींची निळसर, काहींची तांबूस. खरंच फार सुंदर दिसतं ते, पण हा सगळा देखावाच, चावायच्या भानगडीत ती सहसा पडत नाही. नागाचा फणा पसरतो तेव्हा पुढचा भाग जमिनीपासून चांगला उंच उचललेला असतो, हा फरक लक्षात ठेवा.

तिचं शास्त्रीय नाव अँफिएस्मा स्टोलाटम. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये हिला स्टोलाटस म्हटलं, म्हणजे स्टोला नेसलेली, स्टोला हा जुन्या रोममधल्या बायकांचा लांब झगा. त्या पट्ट्यांकडे बघून सुचलं असावं असं मला आपलं वाटतं.

प्रश्न : नानेटी पिल्लं देते की अंडी? उन्हाळ्यात कुठे जाते?

उत्तर : अंडी घालते, साधारण ३ ते १५, जमिनीतल्या बिळात किंवा भेगेत. पिल्लं वीतभरही नसतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतात, त्यांना मोठा बेडूक झेपत नाही म्हणून गांडुळं, बारीक किडे आणि नुकते शेपूट जिरलेले चिमुकले बेडूक. कडक उन्हाळ्यात बिळात शिरून पडून राहते, म्हणून तेव्हा दिसत नाही, आणि पहिला पाऊस पडून बेडूक ओरडायला लागले की हीसुद्धा बाहेर.